ओठांपाशी अर्धा मिलिमीटर

नाना बिरागोंचं कपाळ नीट बसलंय.
डोळ्यांपर्यंतही चालवून घेता येईल.
ओठांशी मात्र किरमिजी घसरतो
आणि म्हातारीला चार ओठ येतात.

शनिवारी दफन. आज गुरुवार.
कुमासीत मेलेल्याचा चेहरा
शवपेटीच्या आधी रस्त्यावर येतो,
विजेच्या खांबावर, टॅक्सीच्या काचेमागे, चर्चच्या फाटकावर.
तीनशे पोस्टरं. चार रंग. माझं मशीन एकरंगी,
म्हणजे प्रत्येक कागद माझ्या हाताखालून चारदा जाणार
आणि चारही वेळा त्याने
तसूभर न हलता त्याच जागी उभं राहायचं.
माझ्या थोरल्याला हे प्रार्थनेच्या रांगेतही जमत नाही.

सारफो म्हणतो, मालक, प्लेट सरकवू?
थांब, म्हटलं. आधी दहा कागद काढ,
शेजारी शेजारी लाव.
चूक दहाही ठिकाणी तीच असेल तर आपण काहीतरी चुकीचं मांडलंय.
चूक फिरत असेल, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
तर बाजूची पट्टी सैल, नाहीतर ग्रिपरचे दात गेले.
हे मला न्तियामोआ मास्तरांनी शिकवलं,
मानेवर पंजा ठेवून, डोळा भिंगात खुपसून.
फिरत्या चुकीला शिव्या देऊ नकोस, म्हणायचे,
कुठेतरी काहीतरी झिजलंय, तेच सांगत फिरते ती.

ही फिरत नव्हती.
वरच्या कडेला तिन्ही रंगांची मिळून एकच फुली.
खालच्या कडेला दोन:
निळ्या-पिवळ्याची एक,
आणि तिच्याही खाली उतरलेली, एकटीच, किरमिजी.

स्प्रिंग पाहिली. दात पुसले, दाबले.
ब्लँकेट ठीक. पाणी बेताचं.
मग ढिगाऱ्यावर हात ठेवला
तर कागद वाजला,
सुकल्या केळीच्या पानासारखा.

काल पिवळा झाला, निळा झाला, आणि वीज गेली.
रोलर धुतल्याचा वास कोंडला होता
म्हणून खिडकी उघडी टाकून घरी गेलो. मीच.
रात्रभर वाळवंटातून हरमॅटन आला
आणि कागदातलं पाणी पिऊन गेला.
बाई तीन आठवडे शवागारात आहेत, तशाच्या तशा.
हा एका रात्रीत आक्रसला.

आक्रसलेल्याला ओढून लांब करता येत नाही.
छापच आखूड करायची:
ब्लँकेटखालचा एक पातळ कागद काढून
प्लेटखाली सारायचा.
रुंदीत जे गेलं ते गेलं,
दोन्ही कडांना अर्धं अर्धं वाटून द्यायचं, कुणी विचारत नाही.

पाना हातात असतानाच त्यांची लेक आली, आफ्राकोमा,
ओठांत पेन, हातात याद्या:
खुर्च्या, मंडप, पाण्याच्या पिशव्या, ढोलवाले.
बिघडलेलं पोस्टर मी पालथं करायच्या आत
तिने उचललं.
मी माफीसाठी तोंड उघडलं
आणि ती हसत सुटली.
अशीच लावायची लिपस्टिक, म्हणाली,
आरसा दारामागे, घाई बाजाराची,
कायम ओठांच्या बाहेर.
फोटोवाल्याने त्या दिवशी पुसायला लावली होती.

हसता हसता खोकला आला तिला. धुळीचा असेल.
सारफोने स्टूल पुढे केलं.

मग चांगली छापली.
फुलीवर फुली बसली, शेवटी काळा आला
आणि चेहऱ्यावर वय उमटलं, एकोणऐंशी.
चाळीस कागद वाया गेले. तीनशे मोजून बांधली.
त्या चाळिसांतलं एक तिने गुंडाळून काखेत धरलं.
त्याचे पैसे तिने विचारले नाहीत,
मीही सांगितले नाहीत.

संध्याकाळी आधी खिडकी लावली.
उद्याच्या ढिगाऱ्यावर प्लास्टिक घातलं,
सारफोला दाखवलं:
झोपलेल्या पोराला पांघरूण घालतात ना, तसं.
पायाकडची बाजू उघडी राहते नेहमी.
तिथे खोचून घे.